सागपाड्याची मागली

ममता पावरा जळगावच्या चाचणीत सहावी आली आणि तिथूनच सगळ्या भानगडीला तोंड फुटलं.

सहावं येणं हा काही गुन्हा नव्हे. राज्य क्रॉसकंट्री स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या महिला संघात सहाच जणी घ्यायच्या होत्या, म्हणजे ममता काठावर का होईना, बसली. पण ज्यांनी तिला पळताना पाहिलं त्यांना कोडं पडलं. दहा किलोमीटर तुडवून आलेल्या पोरी रेषेपलीकडे आडव्या झाल्या होत्या. एक ओकत होती, एक पोटरी धरून आईला हाका मारत होती. आणि ही बया उभी, श्वास जागच्या जागी, बाजारातून भाजी घेऊन आल्यासारखी.

जिल्हा संघटनेचे सचिव शालिग्राम नाना यांच्या हातात माईक होता. नानांच्या जिभेला आधीच हाड नाही, त्यात माईक. "आलं! वरातीमागून घोडंही आलं!" ते म्हणाले आणि मैदानभर हशा पिकला.

हसले नाहीत ते एकटे धम्मपाल सर. चोपड्याच्या एका कॉलेजात ते खेळ शिकवायचे. ममता, रमिला, शांती आणि ज्योत्स्ना या सागपाड्याच्या चारही पोरी त्यांच्या हाताखालच्या. त्यांनी ममताला लिंबाखाली बाजूला घेतलं.

"ज्योत्स्नाच्या मागे का पळत होतीस?"

"मी मागली शे ना सर."

"मागे होतीस ते दिसलं मला. का होतीस?"

ममताला प्रश्नच कळेना. मागलीनं मागे नाही राहायचं तर कुठे राहायचं?

हे सरांना कळायचं तर त्यांना सागपाड्यात जन्म घ्यायला हवा होता. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पाडा. मोहाची फुलं वेचायला, टेंभुर्णीची पानं तोडायला, लाकूडफाट्याला बाया रानात जातात त्या एकामागे एक, कारण वाटच तेवढी. पुढे कोणीही चालावं. पुढचीला फक्त डोळे लागतात. सगळ्यात मागे मात्र चालते ती सगळ्यात तगडी बाई. तिला मागली म्हणतात आणि तिच्या कमरेला विळा असतो. दमलेलीचं ओझं मागलीच्या डोक्यावर जातं, पाय मुरगळला की पोर तिच्या पाठीवर येतं, झुडपात काही सळसळलं तर उभी राहते ती मागली. मधून मधून ती 'हूऽऽ' अशी हाळी देते, म्हणजे पुढच्यांना कळतं की पाठ राखलेली आहे. संध्याकाळी पाड्याच्या तोंडाशी चिंचेखाली पाण्याचा हंडा ठेवलेला असतो. सगळ्या आल्या, सगळ्या प्यायल्या, की मग मागली पाणी पिते. आधी प्यायली तर काय होतं ते कोणालाच माहीत नाही, कारण आजवर कोणी प्यायलेलीच नाही.

गेली दोन वर्षं पाड्याची मागली ममता होती. तिच्या आधी तिची फुई, म्हणजे वडलांची बहीण नर्मदाबाई. गुडघा गेला तेव्हा फुईनं विळा काढून भाचीच्या हातात दिला. त्या दिवशी ममताचा बाप कुवरसिंग पाडाभर असा हिंडला की जसं काही पोरीला तहसीलदारकी मिळाली.

तर जळगावात घडलं ते एवढंच. चौघी निघाल्या, ममता मागे राहिली. ज्योत्स्ना ढेपाळली की मागून हाळी, शांती रेंगाळली की हाळी, असं करत तिनं तिघींना तिसरी, चौथी, पाचवी आणलं आणि आपण सहावी आली. सरांनी या पोरींना श्वास शिकवला, चढ शिकवला, उतारावर पाय कसा टाकायचा ते शिकवलं. जमलं तर दुसरीच्या पुढे जायचं असतं, हे तेवढं सांगायचं राहिलं. आता हे कोण सांगत बसतं हो?

सरांनी सगळं ऐकलं आणि कपाळ धरून खाली बसले. मग हळूच विचारलं, "ममता, तू एकटीच पळालीस तर किती जोरात पळशील?"

ती म्हणाली, "माहीत नही."

खरंच माहीत नव्हतं. जन्मभर ती सगळ्यात हळू चालणारीच्या चालीनं चालली होती. आपले पाय केवढे आहेत ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. नानांचं घोडं तिला तेवढं लागलं नाही, हे लागलं.

"धुळ्याला राज्य स्पर्धा आहे," सर म्हणाले. "तिथल्या पहिल्या सहा जणी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. देशातल्या सगळ्यात जोरात पळणाऱ्या बाया तिथे येतात. तुला मोजून घ्यायचं असेल तर तिथे मोज. पण तिथे जायचं तर धुळ्यात पुढे पळावं लागेल. मागे वळून पाहायचं नाही."

झालं. सरांना वाटलं आपण सोपी गोष्ट सांगितली.

ममता पाड्यावर आली आणि थेट चिंचेखाली फुईपुढे जाऊन विळा जमिनीवर ठेवला. "माले पुढे पळनं शे," ती म्हणाली. आवाज चढाच होता. फुई ओरडेल, शिव्या घालेल, म्हणून भांडायची तयारी ती वाटेतच करून आली होती.

फुई गुडघा चोळत होती. "पळ ना मंग. कोन नही म्हनस?" ती म्हणाली. "पन विळा उचल. मागली ती मागलीच. पुढे जाय, नही ते आकाशात जाय, पानी तुले बठ्ठ्यासना मांगेच भेटी." म्हणजे पाणी सगळ्यांच्या मागूनच.

भांडायला काही उरलंच नाही, याचा ममताला जास्त राग आला.

धुळ्याला निघायच्या आदल्या आठवड्यात संघाला गळती लागली. पहिल्या दोघी शहरातल्या होत्या. एकीचं लग्न ठरलं, दुसरी पोलिस भरतीला गेली. उरल्या सागपाड्याच्या चौघी. नानांनी फोनवरच सुस्कारा सोडला. संघाचा हिशेब चौघींच्या क्रमांकांवर होतो. चौथी रेषेवर पोचली नाही तर संघ आलाच नाही असं धरतात. "ती ज्योत्स्ना वाटेत बसली की जिल्ह्याचं नाव पुसलं म्हणून समजा," नाना म्हणाले. "आणि तुमचं ते घोडं!"

जळगावहून जीप निघाली. एरंडोल मागे पडलं तसा सरांनी इतिहासाचा तास सुरू केला. ही शर्यत मूळ साहेबाच्या देशातली. तिकडच्या शाळांतली पोरं कागदाचे कपटे टाकत लोकांच्या शेतांतून पळायची आणि मागची पोरं त्यांना हुडकत जायची. लष्कराच्या बुटांबरोबर ती आपल्याकडे आली. पुढे देशाची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली; पलटणीतल्या, रेल्वेतल्या, डोंगरातल्या गड्यांनी तिथे नाव काढलं. बायकांना बोलावणं उशिरा आलं, आणि आलं तेही अर्धं. पुरुषांनी बारा किलोमीटर पळायचं, बायकांनी सहा. बायकांना झेपत नाही म्हणे.

"मंग मोळी बी निम्मीच देतस का?" रमिलानं विचारलं. जीपचा ड्रायव्हरसुद्धा हसला.

"आत्ता कुठे दोघांना सारखं दहा झालंय," सर म्हणाले. "पण ते फुकट नाही झालं. आमच्या धुळ्याची सपनाताई. मी शाळेत होतो तेव्हा ती राष्ट्रीय स्पर्धेत पळाली. बायकांची रेषा आली, बाकीच्या थांबल्या. ही थांबलीच नाही. 'अर्धंच झालंय,' असं ओरडली आणि पुरुषांच्या वाटेला लागली. दोन पंच मागे धावले, त्यांच्या हाती ती लागते काय! सगळं अंतर पुरं करून परत आली तर निकाल लागून गेलेले. रेषेपलीकडे क्रमांकाचं टोकन देतात, ते घ्यायला रांगेत थांबली नाही म्हणून तिचं नाव त्यात नव्हतंच."

"मंग काय कयं तिनी?" ममतानं विचारलं.

"काय करणार? पण पळत राहिली, शिकली, परीक्षा देऊन पंच झाली. उद्या धुळ्यात मुख्य पंच तीच आहे."

ममता पारोळा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. न थांबलेल्या बाईचं तोंड कसं असेल याचा ती विचार करत होती.

तोंड साधंच निघालं. केस पिकलेले, गळ्यात शिट्टी, डोक्यावर उन्हाची टोपी. सरांनी "जय भीम, ताई" म्हटलं, तिनं "जय भीम" म्हणून चौघींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बुटांच्या नाड्या आत खोचा." बस्स. एवढीच ओळख.

लळिंगच्या किल्ल्याखालचं कुरण होतं. वाळलेलं गवत, मध्ये नांगरट, एक कोरडा नाला आणि त्यापुढचा चढ. दोरी बांधून रिंगण आखलेलं. तेच रिंगण पुन्हा पुन्हा फिरायचं. महाराष्ट्रभरच्या पोरी जमल्या होत्या, कोणाकोणाच्या बुटांचे रंग बघूनच डोळे दिपावेत. बार झाला आणि त्या सगळ्या पुढे झेपावल्या.

ममताचे पाय मात्र मागे राहिले. तिनं ठरवलं होतं, शंभरदा घोकलं होतं, पण पायांना कोणी सांगितलं नव्हतं. रमिला पुढे, शांती पुढे, ज्योत्स्ना पुढे, आणि ती आपली त्यांच्या पाठी. अर्धं रिंगण तसंच गेलं. इथेही माईक पटकावून बसलेल्या नानांचा आवाज आला, "घोडं आलं का रे मागनं?"

ज्योत्स्नानं पळता पळता मान वळवली. ती चौघींत सगळ्यात मंद. जळगावात ती पाचवी आली ती ममताच्या हाळीवर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा चेहरा आत्ताच लाल झाला होता.

"जाय ना माय!" ती किंचाळली. "मन्हा मांगे ऱ्हायनी ते तुन्हं नरडं दाबसू!"

ममता गेली.

सुरुवातीला तिला लाज वाटत होती. पुढच्या पोरीला ओलांडताना ती "वाट द्या अक्का" म्हणायची, कारण पायवाटेवर न विचारता कोणी कोणाच्या पुढे जात नाही. पुण्या-नाशिकच्या पोरी दचकून बघायच्या आणि तेवढ्यात ही पुढे निघून गेलेली असायची. नांगरटीत बाकीच्यांचे पाय रुतले. तिचे असल्याच मातीत वाढलेले. नाल्याच्या चढावर तिला कळलं की आपण अजून दम लावलेलाच नाही. मग तिनं तो लावला. किती वाट द्या, किती अक्का! आणि एका वळणानंतर समोर नुसती दोरी, गवत आणि किल्ला. आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढे कोणाची पाठ दिसेना.

ती घाबरली. खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. हे एवढं सगळं आपल्या पायांत होतं, आणि एवढी वर्षं ते मोळीबरोबर मुकाट चालत होतं! तिनं आणखी जोर लावला, आपल्यालाच बघून घ्यायला.

शेवटच्या फेरीत नाल्याच्या काठी, पळसाच्या झाडाखाली, तिला ज्योत्स्ना दिसली. ती बसली होती. पोटरीत गोळा आला होता, तोंडाला धूळ. तिची अजून एक पूर्ण फेरी बाकी होती, आणि एक पंच तिला "बस गाडीत" म्हणून सांगत होता. ममताचा पाय अडखळला.

"जाय!" ज्योत्स्ना रडत ओरडली.

ममता गेली, पण आता ती वेगळ्या रागानं पळत होती. रेषा तिनं एकटीनं ओलांडली. मागची पोरगी अजून चढावरच होती. लोक टाळ्या वाजवत होते, धम्मपाल सर वेड्यासारखे उड्या मारत होते, कोणीतरी तिच्या हातात पाण्याची बाटली कोंबली. रेषेपलीकडच्या दोरीच्या बोळात टोकनवाले साहेब पहिल्या क्रमांकाचं टोकन पुढे धरून उभे होते.

तिनं बाटली ओठाला लावली. आणि तिथेच हात थांबला.

टोकनवाल्यांचा हात तसाच राहिला, कारण पोरगी दोरीखालून बाहेर पडली होती आणि आली त्याच दिशेला, दोरीच्या बाहेरून, उलटी पळत सुटली होती. "अगं टोकन! टोकन घे!" ते ओरडले. "गेलीस तर नंबर जाईल!" तिनं ऐकलं. ऐकून तिनं मान हलवली आणि पळत राहिली. जाऊ दे नंबर! जीपमधली गोष्ट तिच्या चांगली ध्यानात होती, आपण काय घालवतोय तेही कळत होतं. पण चिंचेखालचा हंडा कोणाच्या टोकनावर चालत नव्हता.

ज्योत्स्ना अजून पळसाखालीच होती. ममता तिच्याजवळ गेली नाही, हात लावला नाही; हात लावला तर ती बाद होते, हे सरांनी शिकवलं होतं. दोरीच्या बाहेरून ती तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि पोटातून हाळी दिली.

"हूऽऽऽ!"

ज्योत्स्नानं वळून पाहिलं नाही. मागलीकडे वळून पाहायचं नसतं. ती उठली, लंगडली, आणि चालायला लागली. दुसऱ्या हाळीला तिनं पाय उचलला. तिसऱ्या हाळीला खुद्द तिनं उत्तर दिलं, चिरक्या, फाटक्या आवाजात, "हूऽऽ!" आणि पळू लागली.

ती फेरी फार लांबली. बाकी सगळ्या येऊन गेल्या, रमिला आणि शांतीही आल्या. जेवणाची पाकिटं वाटायला सुरुवात झाली. स्वयंसेवक दोरी गुंडाळू लागले तशी सपनाताईंची शिट्टी वाजली. "एक धावपटू मैदानात आहे. दोरी जागची हलवायची नाही." लोक पाकिटं हातात धरून उभे राहिले. नाल्यापलीकडून हाळी यायची, अलीकडून उत्तर जायचं. रमिला आणि शांतीही रेषेपाशी उभ्या राहून उत्तर द्यायला लागल्या. नानांनी माईक खाली ठेवला होता.

ज्योत्स्नानं रेषा ओलांडली आणि ती आडवी झाली. दोरीच्या बाहेरून ममता आली, हातात ती भरलेली बाटली तशीच.

आणि मग कचेरी भरली. टोकनवाले साहेब तावातावानं म्हणाले, "पहिलं टोकन मी दुसरीला दिलंय. ही रांग सोडून गेली. हिला आता काही मिळत नाही. आणि ती जी लंगडत आली तिला हिनं मदत केली, तीही बाद!"

ममता त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "बाद करा माले. तिले नही. मी तिले बोट लावं नही."

"नियम आहे बाई!"

"मी पयली उनी ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं ना साहेब? मंग ते पुसा आधी. बठ्ठ्या मैदानाच्या डोळ्यांतून पुसा."

सपनाताई पुढे आल्या. टोपी काढली, कपाळ पुसलं.

"छाती रेषेपार गेली की पळणं संपतं," त्या म्हणाल्या. "नियम तेवढाच आहे. टोकन आपल्या सोयीसाठी असतं. मी रेषेवर उभी होते. पहिली हीच आली. टोकन फिरवून घ्या." मग ज्योत्स्नाकडे वळून विचारलं, "हिला कोणी हात लावला? पाणी दिलं? हिला ओढायला पुढे कोणी पळालं?"

"नाही. पण मागून ओरडत होती," टोकनवाले म्हणाले.

"मागून ओरडणं ही मदत धरायची, तर इथल्या प्रत्येक पोरीचा बाप बाद करावा लागेल. दोघींचे क्रमांक कायम. जळगावचा संघ पुरा." आणि जरा थांबून, कोणाकडेच न बघता, त्या म्हणाल्या, "रांग सोडली म्हणून नाव पुसायचे दिवस गेले."

धम्मपाल सरांनी तोंड फिरवून डोळे पुसले. नानांची मात्र टोपी फिरायला वेळ लागत नाही. त्यांनी माईक उचलला. "आमच्या जळगाव जिल्ह्याची कन्या! राज्यात पहिली! आता राष्ट्रीय स्पर्धेला! मी चाचणीतच म्हणालो होतो..." काय म्हणालो होतो ते त्यांनाच आठवलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मग सारवासारव करत त्यांनी माईक ममतापुढे धरला. "बोल पोरी, पहिली कोण आली?"

"मी."

"वा! आणि सगळ्यात मागून कोण आलं गं, ती शूर पोर?" त्यांनी ज्योत्स्नाकडे हात केला. टाळ्या घ्यायचा त्यांचा बेत होता.

ममतानं बाटलीचं झाकण उघडलं. ज्योत्स्ना प्यायली होती. रमिला, शांती, सगळ्या प्यायल्या होत्या. तिनं एकेकीकडे नीट पाहून घेतलं.

"ते बी मीच," ती माईकमध्ये म्हणाली, आणि घटाघटा पाणी प्याली.